उशिराचे शुल्क की बिनचौकशीचा दंड?

भोरच्या बाजारपेठेत आणि शेजारच्या वेल्हे तालुक्यात, ज्यास अलीकडे राजगड हे नाव देण्यात आले आहे, व्यापारी मंडळींच्या मनात गेल्या काही वर्षांपासून एका नव्या तऱ्हेच्या पत्राची धास्ती बसली आहे. त्यास पत्र म्हणावयाचे ते केवळ जुन्या सवयीने. ते पोस्टमन आणून देत नाही, त्यावर कोणा अंमलदाराची शाईची सही नसते, आणि ते कोणी पाठविले असे विचारल्यास 'बंगळूरच्या केंद्राने' एवढेच उत्तर मिळते. प्राप्तिकर खात्याच्या या केंद्रात साऱ्या देशातील विवरणपत्रांची छाननी यंत्राच्या साहाय्याने होते, आणि छाननीअंती यंत्रास जी बाकी दिसेल तिची मागणी करदात्याच्या ई-मेलवर व खात्याच्या पोर्टलवर उमटते. मागणी इंग्रजीत असते. तीस दिवसांच्या आत भरणा करावा असे तीत लिहिलेले असते. पण ज्याच्या नावाने ती निघाली त्यास ती निघाल्याचा पुष्कळदा पत्ताही नसतो. पुढे एखाद्या वर्षी परतावा कमी हाती आला, किंवा कर्जासाठी बँकेने कागद मागितले, म्हणजे मग शोध सुरू होतो, आणि कधीकाळच्या किरकोळ बाकीवर महिन्यामागून महिने व्याज चढत गेल्याचे आढळते.

चौथाईतील शेकडा सहाचा 'सहोत्रा' ज्या पंतसचिवांच्या वाट्यास होता त्यांच्या गादीच्या गावास कराची भाषा नवी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि प्राप्तिकराचा इतिहास येथे तितकासा जुना नाही. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, व विलीन संस्थानांस प्राप्तिकराचा कायदा १९४९ साली लागू करण्यात आला. तेव्हापासून आजवरच्या पाऊणशे वर्षांत दुकानदार आणि खाते यांचा जो संबंध आला, तो बऱ्यावाईट माणसांचा माणसांशी आलेला संबंध होता. पुण्यास कचेरीत जावे, वह्या दाखवाव्या, कधी सरळ तर कधी खाष्ट अशा अंमलदारापुढे आपले म्हणणे मांडावे, अशी ती रीत होती. तीत लाचलुचपतीस वाव होता व खेपा फार पडत हे आम्हांस ठाऊक आहे, आणि यंत्र आल्याने तो जाच पुष्कळ कमी झाला हेही आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. आमची तक्रार यंत्राविषयी नाही. यंत्र आणताना कायद्यातील एक महत्त्वाची पायरी गुपचूप काढून टाकण्यात आली, तिच्याविषयी आहे.

उदाहरणार्थ, नसरापूरच्या पेठेतील एखादा किराणा दुकानदार घ्या. त्याची वर्षाची विक्री एक कोटीची असून पैसे सारे बँकेतून किंवा मोबाईलवरून येतात असे समजू. लहान व्यापाऱ्यास कायद्याने जी ठोक आकारणीची सवलत दिली आहे तीप्रमाणे विक्रीच्या शेकडा सहा, म्हणजे सहा लाख रुपये, हे त्याचे उत्पन्न धरले जाईल. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही, आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर जो कर निघतो तो सवलतीने माफ होतो. सारांश, या दुकानदाराचे सरकारास देणे शून्य आहे. कर शून्य म्हणून उशिरावरचे व्याजही शून्य. परंतु त्याने विवरणपत्र मुदतीनंतर एक दिवस उशिरा भरले तर त्यास पाच हजार रुपये द्यावे लागतात. उत्पन्न पाच लाखांच्या आत असते तर एक हजार लागले असते. ज्याच्याकडून सरकारास एक पैसाही येणे नव्हता, त्याच्याकडून उशिराबद्दल पाच हजार! या रकमेस कायद्यात दंड म्हटलेले नाही, 'शुल्क' म्हटले आहे. साऱ्या गोष्टीचे मर्म या एका शब्दात आहे, आणि म्हणून वाचकांनी थोडा वेळ आमच्याबरोबर कायद्याच्या आडरानात शिरण्याची तसदी घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात विवरणपत्र न भरणाऱ्यास शासन करण्यासाठी कलम २७१ एफ होते. आकारणीचे वर्ष संपेपर्यंतही विवरणपत्र न दिल्यास अंमलदारास पाच हजारांचा दंड करता येत असे. 'येत असे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तो दंड करावाच असे बंधन नव्हते. आणि करण्यापूर्वी करदात्याचे म्हणणे ऐकून घेणे कलम २७४ प्रमाणे भाग होते. शिवाय कलम २७३ बी असे होते की, चूक होण्यास वाजवी कारण होते असे करदात्याने दाखवून दिल्यास दंड करू नये. घरात दुखणे होते, वह्या पुरात भिजल्या, हिशेबनीस मध्येच सोडून गेला, अशी कारणे सांगण्यास जागा होती आणि ती ऐकणारे कोणीतरी होते. सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्तान स्टील विरुद्ध ओरिसा सरकार या प्रकरणात १९६९ सालीच असे ठरविले होते की, दंड करणे कायदेशीर आहे एवढ्यावरून तो करू नये. जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने कायदा मोडला आहे की नाही हे पाहून विवेकाने करावा.

२०१७ च्या वित्त कायद्याने ही सारी व्यवस्था बदलली. २०१८-१९ या आकारणी वर्षापासून कलम २७१ एफ बाजूस पडले व २३४ एफ पुढे आले. दंडाच्या जागी शुल्क आले. आरंभी हे शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत पाच हजार व नंतर दहा हजार असे होते. पुढे २०२१-२२ या आकारणी वर्षापासून त्याची कमाल मर्यादा पाच हजार झाली. शुल्क म्हटल्याबरोबर वाजवी कारणाचे कलम गळाले, सुनावणी गेली, आणि अंमलदाराचा विवेकही गेला. इतर दुरुस्त्या करण्यापूर्वी केंद्रास करदात्याकडे उत्तर मागावे लागते व त्यासाठी तीस दिवस द्यावे लागतात. पण शुल्क आणि व्याज ही केवळ हिशेबाची बाब समजली जात असल्याने त्यापूर्वी कोणी काही विचारीत नाही. पूर्वी वर्ष उलटल्यावर जो प्रश्न उत्पन्न होत असे, तो आता मुदतीच्या दुसऱ्याच दिवशी, आणि प्रश्नाच्या रूपाने न येता थेट उत्तराच्या रूपाने समोर येतो.

येथे कोणी कायदेपंडित आम्हांस मुंबई उच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१५ च्या निकालाची आठवण देईल. कर कापून घेणाऱ्यांनी तिमाही पत्रके उशिरा भरल्यास दररोज दोनशे रुपये घेण्याचे जे कलम २३४ ई आहे, ते रश्मिकांत कुंडलिया यांच्या प्रकरणात न्यायालयाने वैध ठरविले. पत्रक उशिरा आले म्हणजे खात्याचे काम वाढते, ज्यांचा कर कापला त्यांस जमा मिळत नाही, आणि या वाढलेल्या कामाचा मोबदला म्हणून हे शुल्क आहे, असे त्या निकालाचे तात्पर्य आहे. निकालाचा आम्ही आदर करतो. तेथे तिसऱ्या माणसाचे नुकसान होते हेही खरे. परंतु तीच कारणमीमांसा आमच्या किराणा दुकानदारास लावून पाहिली असता काय दिसते? त्याच्या उशिराने कोणा तिसऱ्याचे अडत नाही. काम वाढते म्हणावे, तर ते यंत्राचे. आणि पाच लाखांच्या आतील विवरणपत्र तपासण्यास या यंत्रास एक हजारांचे श्रम पडतात व सहा लाखांचे तपासण्यास पाच हजारांचे, असे तर कोणी म्हणणार नाही ना? जे शुल्क कामावर न बसता ऐपतीवर बसते, त्यास आमच्या समजुतीप्रमाणे दंडच म्हटले पाहिजे. आणि दंड म्हटला की चौकशी आलीच.

ज्या परकी सरकारच्या महसूल पद्धतीवर आमच्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर टीका केली, त्या पद्धतीतसुद्धा पीक बुडाले असता तहकुबी व सूट यांची तरतूद होती. आणेवारी पाहण्यासाठी का होईना, कोणी अंमलदार शेताच्या बांधापर्यंत येत असे. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव जाऊन फॅमिन कोडातील सवलती रयतेस मराठीत समजावून दिल्या. कारण कायद्याने दिलेली सूट ज्यास ठाऊक नाही त्यास ती मिळत नाही. आज आपलेच सरकार आहे, कर आपल्याच रस्त्यांवर, शाळांवर आणि सैन्यावर खर्च होतो, आणि तो चुकविणारास आम्ही देशाचा अपराधी समजतो. म्हणूनच आमचा आग्रह असा की, आपल्या सरकारने निदान कारण तरी विचारावे.

बरे, मुदत तरी कशी आहे? वर्षानुवर्षे ती ३१ जुलै ही चालत आली. पुण्यामुंबईच्या पगारदारास या तारखेत वावगे काही दिसणार नाही. परंतु भोर-वेल्ह्याकडे हाच भातलावणीचा ऐन हंगाम असतो. वरंध घाटात दरडी कोसळतात, वाड्यावस्त्यांची वीज जाते, तोरण्या-राजगडाच्या कुशीतील गावांत मोबाईलची रेंज शोधण्यासाठी टेकाडावर चढावे लागते. खत-बियाण्यांचा दुकानदार तर या दिवसांत गल्ला सोडून उठूही शकत नाही. असे असूनही पावसाचे कारण सांगून मुदत मागण्याची सोय त्यास नाही. सरकारास मात्र आहे. २०२५ साली विवरणपत्रांचे नमुने बदलले व पोर्टल तयार होण्यास वेळ लागला, तेव्हा मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली. आणि त्या अखेरच्या दिवशीही पोर्टल अडखळू लागल्याने ती आणखी एक दिवस, १६ सप्टेंबरपर्यंत, वाढविण्यात आली. ही वाढ योग्यच होती. पण आपल्या उशिरास वाजवी कारण असू शकते हे ज्यास पटते, त्यास दुसऱ्याच्याही उशिरास ते असू शकेल हे पटावयास हरकत नसावी. व्याजाची गोष्टही अशीच आहे. करदात्याकडे बाकी राहिली तर महिन्यास शेकडा एक. सरकारकडे परतावा अडकला तर महिन्यास शेकडा अर्धा. सावकाराच्या वहीत असे दोन दर दिसते तर आम्ही त्यास काय म्हटले असते ते सांगावयास नको.

आता अनपेक्षित मागण्यांकडे वळू. विलंबशुल्क निदान ज्याचे त्यास ठाऊक तरी असते; कित्येक मागण्यांत करदात्याचा दोष तीळमात्र नसतो. बँकेने ठेवीवरील व्याजातून कर कापला, पण भरताना पॅनचा एक अंक चुकविला. कंत्राटदाराच्या बिलातून कर कापला गेला, पण कापणाऱ्या संस्थेने तो भरलाच नाही. दोन्ही प्रसंगी यंत्रास जमा दिसत नाही, आणि ज्याचे पैसे एकदा कापले गेले त्याच्याकडेच ते पुन्हा मागितले जातात. या बाबतीत कायदा करदात्याच्या बाजूचा आहे हे फार थोड्यांस ठाऊक आहे. कर कापला गेला असल्यास तो त्याच माणसाकडून पुन्हा वसूल करता येत नाही असे कलम २०५ सांगते, आणि यशपाल साहनी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ते निःसंदिग्ध शब्दांत मान्य केले. दिल्लीस तर एका चार्टर्ड अकाउंटंटाच्या साध्या पत्रावरून उच्च न्यायालयाने आपण होऊन हा प्रश्न हाती घेतला, आणि १४ मार्च २०१३ च्या निकालात खात्यास बजावले की, जुन्या मागण्या परताव्यातून परस्पर वळत्या करू नका. कलम २४५ प्रमाणे आधी सूचना द्या व उत्तर ऐका. एका पत्राने एवढे होऊ शकते हे आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

यंत्राच्या सांगण्यावर आंधळा विश्वास टाकल्याने काय होते याचे ताजे उदाहरण म्हणजे कलम ८७ ए च्या सवलतीचा घोळ. शेअरांच्या विक्रीसारख्या ज्या उत्पन्नावर वेगळ्या दराने कर बसतो, त्यावर ही सवलत मिळते की नाही याविषयी मतभेद होता. ५ जुलै २०२४ रोजी खात्याने पोर्टलवरील साधनात असा बदल केला की, त्या दिवसानंतर विवरणपत्र भरणाऱ्यास ही सवलत मागताच येईना. म्हणजे कायदा तोच, उत्पन्न तेच, पण जूनमध्ये भरणारास मागता आली ती सवलत जुलैअखेर भरणारास मागता येईना! मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या संस्थेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. २० डिसेंबर २०२४ च्या अंतरिम आदेशानंतर उशिराच्या विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढविण्यात आली, आणि २४ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ठरविले की, सवलत द्यावयाची की नाही हे अंमलदाराने कायद्याप्रमाणे पुढे ठरवावे, पण ती मागण्याचे दारच साधनात बदल करून बंद करता येणार नाही. तथापि ज्यांस सवलत आधी मिळून गेली होती अशांपैकी कित्येकांच्या नावाने ती चुकीने दिली म्हणून मागण्या निघाल्या. आणि अखेर १९ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने मध्यवर्ती प्रत्यक्ष कर मंडळास असे जाहीर करावे लागले की, मूळ रक्कम ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरल्यास उशिराचे व्याज घेतले जाणार नाही. चूक यंत्राची, धावपळ करदात्याची, आणि सवलत कसली, तर व्याजाची.

वेल्हे व भोरच्या खेड्यांत याहूनही मोठा धोका जमिनीच्या व्यवहारांत आहे. पुण्याच्या धनिकांस डोंगराच्या पायथ्याशी घर हवे असते. गावचा शेतकरी दहावीस गुंठे किंवा एखादा एकर विकतो, मुलीचे लग्न करतो, घर बांधतो, आणि त्याने आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नसते. तीस लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे खरेदीखत झाले की दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून त्याची खबर प्राप्तिकर खात्याकडे जाते. बचत खात्यात वर्षात दहा लाख किंवा अधिक रोकड भरली तर बँकेकडून जाते. काही वर्षांनी कलम १४८ ए ची नोटीस येते: एवढा व्यवहार केलात, विवरणपत्र का नाही? उत्तर न दिल्यास अंमलदार हाती असलेल्या माहितीवरून आकारणी करतो, आणि पुढे जो आकडा येतो तो पाहून त्या घरात चूल पेटत नाही.

आणि गंमत अशी की, यातील पुष्कळ व्यवहारांवर कर मुळीच लागत नाही! खेड्यातील शेतजमीन ही कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नव्हे. खेड्यातील म्हणजे कोणती, तर नगरपालिकेच्या हद्दीपासून ठराविक अंतराबाहेरची. दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत वस्तीच्या गावास दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा, त्यापुढे आठ, आणि अंतर सरळ रेषेत मोजावयाचे. भोर नगरपालिकेची वस्ती २०११ च्या शिरगणतीत दहा हजारांहून अधिक भरली असल्याने भोरच्या वेशीपासून दोन किलोमीटरांतील शेत या सवलतीस मुकते. त्यापलीकडचे, दुसऱ्या कोणत्या शहराच्या टापूत येत नसेल तर, मुकत नाही. कात्रजच्या घाटापलीकडील शिंदेवाडी, वेळू ही गावे भोर तालुक्यातील असली तरी तेथे पुण्याच्या हद्दीपासूनचे आठ किलोमीटर पाहावे लागतील, आणि पुणे महापालिकेत २०१७ साली ११ व २०२१ साली २३ गावे सामील झाल्याने ही हद्दच पुढे सरकलेली आहे. म्हणजे विक्रीच्या वेळी हद्द कोठे होती हा प्रश्न लाखो रुपयांचा आहे. ज्याने खरेदीखताबरोबरच पिकाच्या नोंदीसह सातबारा आणि अंतराविषयी महसूल अंमलदाराचा दाखला घेऊन ठेवला, त्याचे उत्तर एका पानाचे असते. ज्याने ठेवला नाही, त्याच्यामागे पाच-सहा वर्षांनी कचेऱ्यांचे हेलपाटे लागतात. सरकारी प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीची गोष्ट आणखी निराळी आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ खाली जो मोबदला करमुक्त आहे त्यावर प्राप्तिकरही नाही, असे मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. मात्र वाढीव मोबदल्यावरील व्याज करपात्र असते, आणि संपादन कोणत्या कायद्याखाली झाले हे निवाड्याच्या पहिल्या पानावर पाहून मगच निश्चिंत व्हावे.

जीएसटीविषयी येथे विस्तार करीत नाही, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच सांगतो की, तेथील विलंबशुल्काचे प्रारंभीचे रूप, म्हणजे दररोज दोनशे रुपये, व्यापाऱ्यांच्या ओरडीनंतर खाली आले, आणि २८ मे २०२१ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने उलाढालीप्रमाणे त्याची कमाल मर्यादा ठरविली. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्यास मासिक विवरणपत्रामागे दोन हजार, व्यवहारच नसेल तर पाचशे. ओरड केल्याने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि ज्यांनी २०१७ साली उत्साहाने नोंदणी केली व पुढे धंदा आवरला, त्यांनी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अखेरचे विवरणपत्र दिले आहे की नाही हे आजच पाहून घ्यावे. दुकानास कुलूप लावले म्हणजे पोर्टलासही लागते, असे नाही.

सरकारची बाजू आम्ही दृष्टीआड करीत नाही. मुदत पाळणारा एक आणि न पाळणारा एक, दोघांस सारखेच वागविले तर पाळणारा मूर्ख ठरतो. कोट्यवधी विवरणपत्रांमागे प्रत्येकाची सुनावणी घ्यावयाची म्हटल्यास खाते चालावयाचे नाही. आणि 'आजारी होतो' हे कारण सांगणारे सारेच आजारी असतात असे नाही. हे सर्व खरे आहे. परंतु जुन्या मागण्यांचे ओझे किती अविश्वसनीय झाले होते याची कबुली खुद्द अर्थमंत्र्यांनीच १ फेब्रुवारी २०२४ च्या अंदाजपत्रकी भाषणात दिली आहे. २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या, व २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील दहा हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याचे तेव्हा ठरले, आणि सुमारे एक कोटी करदात्यांस त्याचा लाभ होईल असे सांगण्यात आले. एक कोटी माणसांच्या नावावर वर्षानुवर्षे अशा बाक्या पडून राहतात, ज्या शेवटी सरकारासच सोडून द्याव्या लागतात, तर मुळात त्या काढतानाच कोणी विचारपूस केली असती तर काय बिघडले असते? २०२० साली करदात्यांची सनद जाहीर करताना करदाता प्रामाणिक आहे असे समजून वागण्याचे वचन खात्याने दिले. त्याहूनही जुने, ११ एप्रिल १९५५ चे मंडळाचे परिपत्रक असे आहे की, करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अंमलदाराने घेऊ नये, उलट त्याच्या हक्काची सवलत त्यास दाखवून द्यावी. हे परिपत्रक यंत्रास कोणी वाचून दाखविले आहे काय?

आमचे मागणे फार मोठे नाही. ज्याचा कर शून्य आहे त्याचे विलंबशुल्कही शून्य असावे. ज्याचा कर थोडा आहे त्याचे शुल्क करापेक्षा अधिक नसावे. आणि मागणी निघण्यापूर्वी करदात्यास त्याच्या भाषेत, महाराष्ट्रात मराठीत, एवढेच विचारावे की, उशीर का झाला. उत्तरात तथ्य दिसल्यास ते माफ करण्याचा अधिकार एखाद्या हाडामांसाच्या अंमलदारास असावा. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा प्राप्तिकर कायदा, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून आहे, त्यातही विलंबशुल्क कायमच आहे. परंतु त्याच कायद्याचे विधेयक फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रथम आले तेव्हा, उशिरा विवरणपत्र भरणाऱ्यास परतावाच मिळू नये असे एक कलम त्यात होते. प्रवर समितीपुढे त्यावर आक्षेप आले, समितीने ते काढण्याची शिफारस केली, आणि सुधारलेल्या विधेयकातून ते गेले. तेव्हा आक्षेप घेण्यात अर्थ आहे. आणि भोर, नसरापूर, वेल्हे येथील व्यापारी मंडळींनी आपापल्या ठिकाणची खरी प्रकरणे, आकड्यांसह, पुढील अंदाजपत्रकापूर्वी मंडळाकडे व आपल्या खासदारांकडे लेखी पाठविल्यास ती वाचली जातील असा आमचा भरवसा आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत काही दोष आपल्या पदरी आहे तोही सांगितला पाहिजे. आमच्या पाहण्यात असे पुष्कळ व्यापारी आहेत की, ज्यांच्या पॅनच्या खात्यास जोडलेला ई-मेल आणि मोबाईल हे दोन्ही करसल्लागाराचे असतात. सल्लागार बदलला, किंवा त्याचा नंबर बंद झाला, की सरकारचे प्रत्येक पत्र अशा दारावर थडकते जेथे आता कोणी राहत नाही. नोटीस केवळ पोर्टलवर ठेवणे म्हणजे ती बजावणे नव्हे असे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटले आहे खरे. पण पाच हजारांच्या मागणीसाठी उच्च न्यायालयात जाण्याची ऐपत कोणास आहे? आपला ई-मेल, आपला मोबाईल नोंदवावा, पासवर्ड आपल्या वहीत असावा, आणि महिन्यातून एकदा, बाजाराचा दिवस सोडून, पोर्टल उघडून पाहावे किंवा घरातील शिकलेल्या मुलामुलीकडून पाहून घ्यावे.

मागणी दिसलीच तर घाबरून त्याच दिवशी पैसे भरू नयेत आणि खोटी आहे म्हणून दुर्लक्षही करू नये. सूचनेत दोन रकाने असतात, एकात आपण लिहिलेले आकडे व दुसऱ्यात केंद्राने धरलेले. फरक कोणत्या ओळीत आहे ते आधी पाहावे. कर कापल्याची जमा दिसत नसेल तर ज्याने कापला त्यास लेखी कळवून त्याचे पत्रक दुरुस्त करून घ्यावे, आणि आपण मागणी मान्य नसल्याचे उत्तर पोर्टलवर कारणासह नोंदवावे. चूक उघड दिसणारी असेल तर कलम १५४ प्रमाणे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यास आदेशाचे आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत आहे. चूक वादग्रस्त असेल तर अपिलास मात्र तीसच दिवस आहेत, आणि ते दुरुस्तीच्या अर्जाची वाट पाहण्यात घालवू नयेत. परतावा जुन्या बाकीत वळविण्याची सूचना आली तर तीत दिलेल्या दिवसांच्या आत उत्तर द्यावे. न दिल्यास संमती समजली जाते. अर्जाचा पोचक्रमांक लिहून ठेवावा, कारण दुरुस्तीच्या अर्जाचा निकाल अर्ज पोचल्याच्या महिन्याअखेरपासून सहा महिन्यांत देण्याचे बंधन कायद्याने खात्यावरही घातलेले आहे, आणि स्मरणपत्र पाठविताना ती तारीख लागते.